कळफलकवैद्य

मराठवाड्यातील दुरुस्तीच्या व्यवसायांचा कोणी पद्धतशीर अभ्यास केलाच, तर घड्याळजी, मोटार रिवाइंडिंगवाले, कुकरचे हँडल आणि मिक्सरचे भांडे नीट करून देणारे अशा सर्व पोटजातींची नोंद त्यात होईल. परंतु नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईमागील एखाद्या बोळात क्वचित आढळणारा कळफलकवैद्य त्या नोंदीतून निसटण्याचाच संभव अधिक आहे. त्याच्या दुकानावरील पाटी रिमोट, इन्व्हर्टर आणि होम थिएटर यांच्याविषयी बोलत असते, आणि ज्या कामासाठी आपला जन्म झाला असे तो मानतो त्या कामाचा तिच्यावर उल्लेखही नसतो. ते काम म्हणजे जुन्या घरगुती संगणकाची न चालणारी बटणे चालू करणे. घरगुती संगणक ही संज्ञा येथे 1980 च्या दशकातील अशा यंत्रांसाठी वापरली आहे, ज्यांत संगणक व कळफलक एकाच डब्यात नांदत, पडद्याचे काम घरचा टीव्ही करी आणि प्रोग्रॅम साठवण्याची जबाबदारी एरवी भीमगीते व कव्वाल्या वाजवणाऱ्या टेपरेकॉर्डरवर येऊन पडे.

अशी यंत्रे आपल्याकडे दोन वाटांनी आली. पहिली वाट सरकारी होती. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक देशभरातील निवडक शाळांना दिला. अशा शाळांतून संगणकाची खोली हे जवळजवळ देवघरच असे. पडदे ओढलेले, चपला बाहेर काढलेल्या, आणि धूळ मात्र चपला न काढताच आत गेलेली. पुढे अभ्यासक्रम बदलला, यंत्र कपाटात गेले, आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या शिक्षकाबरोबर दुसऱ्या तालुक्याला गेली. दुसरी वाट खासगी होती. 1982 साली ब्रिटनमध्ये निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढली, आणि मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या एखाद्या मुलाच्या पेटीतून ती सुट्टीत गावी येणे काही अवघड नव्हते.

कळफलकवैद्याचे दोन प्रकार संभवतात. नांदेडी वैद्य हा रेडिओ-टीव्हीच्या बाकावर घडलेला असतो. त्याला ‘भाऊ’ म्हणतात, त्याची भाषा निम्मी मराठी व निम्मी दखनी असते, आणि तो आधी खोलतो व मग विचार करतो. लातुरी वैद्य बहुधा निवृत्त शिक्षक असतो. ज्या शहराने ‘लातूर पॅटर्न’ म्हणून शिकवणीचीच ख्याती मिळवली, तेथे त्याला ‘सर’ याखेरीज दुसरे संबोधन मिळणे अशक्य असल्याने, तो दुरुस्तीपूर्वी कागदावर आकृती काढतो, ग्राहकाची तोंडी परीक्षा घेतो आणि उत्तर चुकल्यास तोच धडा पुन्हा घेतो. दोघेही एकमेकांना अर्धवट समजतात. तथापि एखादा सुटा भाग अडला की तो अहमदपूर-लोह्याच्या एसटीने, कंडक्टरच्या ओळखीवर, एकाकडून दुसऱ्याकडे निमूटपणे जातो.

वैद्याची खरी थोरवी निदानात आहे. ग्राहक सांगतो, ‘‘सर, बटणं चालंना गेलेत.’’ कोणती, असे विचारले असता उत्तर येते, ‘‘सगळीच.’’ या उत्तरावर कोणताही कळफलकवैद्य विश्वास ठेवत नाही. तो एकेक बटण ओळीने दाबावयास लावतो आणि मेलेल्या अक्षरांची यादी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतो, कारण रोगाचे मूळ त्या यादीतच असते. स्पेक्ट्रमच्या बटणांखाली मेम्ब्रेन, म्हणजे प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, असतात. त्यांवर विद्युतवाहक रेघा छापलेल्या असून मधल्या थराच्या भोकांमुळे त्या एरवी एकमेकींपासून दूर राहतात आणि बटण दाबले की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. एका बाजूच्या रेघा 8 व दुसऱ्या बाजूच्या 5 असल्याने त्यांच्या 40 छेदनबिंदूंवर सर्व मूळ बटणांची सोय होते, आणि या 13 रेघा दोन अरुंद पट्ट्यांतून मुख्य बोर्डाकडे जातात. म्हणून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही शेजारची पाच अक्षरे एकदम गेली असतील तर आठांपैकी एक रेघ तुटली आहे; आणि एक, शून्य, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट व स्पेस अशी दोन्ही काठांवरची आठ बटणे गेली असतील तर पाचांपैकी एक. लातुरी सर हे समजावताना गोलाईचा दाखला देतात: गोलाईला मिळणाऱ्या 16 रस्त्यांपैकी एक बंद झाला तर त्याच रस्त्यावरची दुकाने बसतात, बाकीचा बाजार चालूच राहतो. गोलाई गोल आहे आणि कळफलक चौकोनी, ही शंका काढणाऱ्या ग्राहकाचे यंत्र आठवडाभर उशिरा मिळते.

काही दोष खोडकरही असतात. स्पेक्ट्रम प्लस या सुधारित नमुन्यात खोडण्याचे वेगळे बटण दिलेले आहे, पण ते स्वतंत्र नव्हेच. ते दाबल्यावर आतल्या आत कॅप्स शिफ्ट आणि शून्य ही दोन बटणे एकदम दाबली जातात. कॅप्स शिफ्टची रेघ तुटली की राहते ते केवळ शून्य, आणि मग ग्राहक चूक खोडू लागला की चुकीपुढे एकेक शून्य वाढत जाते. पतसंस्थेत उमेदवारी केलेल्या एखाद्या गृहस्थाला यात बिघाड न दिसण्याचीही शक्यता आहे.

निदान झाल्यावर वैद्य तो प्रश्न विचारतो, जो भारतातील प्रत्येक मिस्त्री विचारत आला आहे: ‘‘आधी कुणी खोललं होतं?’’ हा प्रश्न माहितीसाठी नसून ठपका ठेवण्यासाठी असतो, परंतु या एका व्याधीत तो शास्त्रशुद्धही ठरतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मेम्ब्रेनच्या पट्ट्या कडक होऊन ठिसूळ बनतात. यंत्र स्वतःच आतून तापते, आणि त्यात मे महिन्यात नांदेडचा पारा 43-44 अंशांवर जाणे ही कोणाला बातमीही वाटत नाही. अशी पट्टी उत्सुकतेपोटी नुसती ओढून पाहिली तरी वळणावर तडकते. तिला डाग देता येत नाही, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने रेघ जोडली जाण्याआधी प्लॅस्टिकच वितळते. चीर टोकापाशी असेल आणि लांबी शिल्लक असेल, तर टोक कापून पट्टी पुन्हा खोचता येते; चांदीचा वाहक रंगही लावता येतो, पण वाकणाऱ्या जागी तो फार दिवस धरत नाही. परदेशांत हौशी मंडळींसाठी नवीन मेम्ब्रेन तयार होतात आणि त्या बसवल्या की यंत्र मुकाट्याने चालू लागते. वैद्याला हा उपाय ठाऊक असतो, पण त्यात निदानाला वाव नसल्याने तो त्याला उपाय मानत नाही. त्या मानाने बीबीसी मायक्रो त्याला प्रिय, कारण त्याच्या 70 हून अधिक बटणांचे स्विच सुटे असून बोर्डावर डाग देऊन बसवलेले असतात. ते एकेक काढावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत आणि परत बसवावेत, असा श्रावण महिनाभर पुरणारा कार्यक्रम त्यातून निघतो.

कुटुंबात या छंदाविषयी एकमत असते आणि ते वैद्याच्या विरोधात असते. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा दिवाळीला आला की, ‘‘बाबा, नवा कीबोर्ड चारशेला येतो,’’ असे दरवर्षी सांगतो. वैद्य रिमोटच्या दुरुस्तीचे पैसे रोख घेतो, संगणकाचे मात्र ‘‘राहू द्या, बघू’’ म्हणून टाळतो. यामागे औदार्य किती आणि यंत्र आणखी काही दिवस दुकानात ठेवून घेण्याचा हेतू किती, हे ठरवणे कठीण आहे.

अंतिम चाचणीची पद्धत ठरलेली आहे. वैद्य बेसिक या भाषेत दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहितो आणि पडदा गावाच्या नावाने भरून टाकतो. पडदा भरला की स्पेक्ट्रम थांबतो व पुढे सरकू का, असे तळाशी विचारतो. कोणतेही साधे बटण दाबले की तो पुढे चालतो, मात्र एन किंवा स्पेस दाबल्यास ते नकारार्थी समजून प्रोग्रॅम बंद करतो. वैद्य हा मान ग्राहकाला देतो. ग्राहकाचे बोट नेमके सर्वांत मोठ्या बटणावर, म्हणजे स्पेसवर पडते, यंत्र आज्ञाधारकपणे थांबते आणि ग्राहक जाहीर करतो की, ‘‘गेलं बघा परत.’’ त्यानंतर जे व्याख्यान होते, ते दोन्ही उपजातींत समान आहे.

ज्या वाचकांच्या माळ्यावर असे एखादे यंत्र पडून असेल, त्यांनी ते भंगाराच्या तराजूत घालण्यापूर्वी या वैद्याकडे न्यावे, स्वतः खोलू नये आणि सोबत मूळचा अडॅप्टर अवश्य न्यावा. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचे ते धन असते, आणि तसा अडॅप्टर लावला तर बिघाड कळफलकापुरता राहत नाही.