ह्यांचे मासे

“मासे? तुमच्याकडे? अहो, तुम्ही तर अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही!”

कढीपत्ता खुडता खुडता वहिनींचा हात थांबला. झाड त्यांचं, पण निम्म्या फांद्या भिंतीवरून आमच्या बाजूला, त्यामुळे खुडायचा कार्यक्रम दोघींचा एकत्रच चालतो.

“खायचे नव्हेत हो, पाळायचे. आणि तेही कॉम्प्युटरवर.”

“अगं बाई!”

“हे रिटायर झाले आणि स्वयंपाकघरात ऑडिट सुरू झालं. तूरडाळ दोन डब्यांत का, हिंगाची तारीख कधीची! धाकटा दिवाळीला आला होता, त्यानं हे सगळं पाहिलं आणि गुपचूप एक गेम टाकून दिला. चिलक्वेरियम म्हणतात त्याला, २०२३ साली निघालाय. तेव्हापासून माझे डबे सुटले.”

“पण त्यात करायचं काय?”

“जवळजवळ काहीच नाही. माशांचं पाकीट विकत घ्यायचं. खरे पैसे लागत नाहीत, खेळातलेच. पाकीट फोडलं की आतून मासे निघतात, साधे पुष्कळ, दुर्मीळ एखादा. टाकीत सोडायचे, खाणं टाकायचं, मोठे झाले की विकायचे. त्या पैशांतून आणखी भारीतलं पाकीट. ह्यांच्या मते ही शुद्ध मुदत ठेव आहे. मुदत भरली की मोडा आणि व्याजासकट पुन्हा ठेवा. जन्मभर लोकांच्या ठेवी सांभाळलेला माणूस, अजून काय हवं? आणि गेम बंद असला तरी मासे वाढत राहतात. भाचीच्या लग्नाला इचलकरंजीला जाऊन आलो, तर चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर लावला. मासे हे एवढाले! मला म्हणाले, आपण तिकडे जिलब्या झोडत होतो आणि ही पोरं बघ कशी अंगानं भरलीत.”

“पोरं म्हणाले?”

“पोरं!”

वहिनी खुदकन हसल्या. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, “पण तुमच्याकडे खरी टाकी होती की. धाकटा शाळेत होता तेव्हा.”

“नका हो आठवण काढू. दुकानदारानं टाकी आणि मासे एकाच दिवशी गळ्यात मारले. नवी टाकी आधी काही आठवडे मुरू द्यावी लागते, हे कुणी सांगितलंच नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया होतो, त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला वेळ लागतो. ते येईपर्यंत मासे आपल्याच घाणीत गुदमरणार. त्यात नळाचं पाणी, क्लोरिनसकट तसंच ओतलेलं. आणि सासूबाईंचं ठाम मत, की मासा तोंड उघडतो म्हणजे तो भुकेलाच आहे. येता-जाता चिमूटभर खाणं टाकायच्या. उरलेलं खाली कुजायचं. शिवाय तेव्हाचं लोडशेडिंग! हवेचा पंप बंद पडला की गोल्डफिश वर येऊन आ वासायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, बघ, भूक लागली.”

“त्या टाकीत तुम्ही नंतर कोथिंबीर लावली होती.”

“ती पण उगवली नाही.”

वहिनी गिरगावातल्या. माशांचा विषय निघाला आणि तारापोरवाला मत्स्यालय निघालं नाही असं व्हायचंच नाही. “आमच्या जन्माच्याही आधीचं, १९५१ सालचं. सुट्टीत मामा न्यायचा. काचेला नाक लावून उभं राहायचं, रांगेतली माणसं ढकलेपर्यंत. बाहेर आल्यावर मात्र त्या माशांचं काय होईल, असा विचार एकदाही मनात आला नाही हो.”

“तेच तर ह्यांना मिळालंय घरबसल्या. आणि कॉम्प्युटरवरचे मासे काही आजचे नाहीत. धाकट्यानं ह्यांना सगळा इतिहास सांगितला, ह्यांनी तो मला ऐकवला, मी कणीक मळत होते. जुन्या डबड्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा डाग कायमचा बसायचा. म्हणून हलतं काहीतरी सोडून ठेवायचे. १९८९ साली ‘आफ्टर डार्क’ नावाचं निघालं, त्यात पंख लावलेले टोस्टर उडायचे आणि मासेही पोहायचे. म्हणजे मासे मुळात राखणीला आले हो, करमणुकीला नाही. मग १९९३ मध्ये ‘एल-फिश’. टेट्रिस काढणारे ते पाजित्नोव, ते आणि पोखिल्को नावाचे त्यांचे मित्र, दोघांचा त्यात हात. दोन मासे निवडायचे आणि त्यांची पिल्लं कॉम्प्युटर करणार. प्रत्येक पिल्लू पोहायला लागेपर्यंत तेव्हाच्या मशीनला घाम फुटायचा.”

“इश्श! तिथेही सोयरिकी?”

“सोयरिकी तर पुढे २००४ च्या ‘फिश टायकून’मध्ये. सात जादूचे मासे मिळवायचे, त्यासाठी ह्याचं त्याच्याशी जमवत बसायचं. त्यात एक वाईट खोड. कॉम्प्युटर बंद केला तरी त्याचं घड्याळ चालूच. खाणं नाही, औषध नाही, चार दिवस गावाला जाऊन या आणि टाकीत सुतक! त्याच्याही आधी ‘इन्सॅनिक्वेरियम’ आला होता, २००१ साली. मासे नाणी टाकतात ती टिपायची, आणि मधूनच परग्रहावरचा राक्षस येतो मासे खायला, त्याच्यावर माउसनं दणादण गोळ्या झाडायच्या. मला विचाराल तर हा खेळ नव्हे, ही नोकरी झाली. घरकाम कमी आहे का, की पडद्यावरच्या माशांचंही दुखणं-खुपणं काढायचं?”

“खरंय. ह्या नव्यात काही कटकट नाही म्हणता?”

“नाही ना. सोसायटीचा हिशेब चालू असतो ह्यांचा, मेंटेनन्स कुणाचा थकलाय वगैरे, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मासे फिरत असतात. मधेच पेन खाली ठेवतात, चष्मा कपाळावर, तोंड पडद्याला टेकेल इतकं जवळ. एक क्लिक, वरून दाणे, सगळे धावले. पुन्हा चष्मा खाली, पुन्हा हिशेब. तेवढ्यानं माणूस निवतो. परवा तर कहर झाला. मी ओट्याशी उभी, दुपारचे दोन वाजलेले. आतून आवाज आला, ‘काय रे, जेवला नाहीस का?’ मला वाटलं, कोणी पाहुणे आले. बघते तर ह्यांची मान पडद्याकडे. इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नाही हो, जेवलीस का म्हणून.”

“निदान कुणाला तरी विचारतात!”

“वहिनी!”

“बरं, राहिलं. किती पडतात त्याचे?”

“धाकट्यानं भरले, मी विचारलं नाही. तुमच्याकडे हवाय का? तो पुढच्या आठवड्यात येणार आहे, टाकून देईल.”

वहिनींनी कढीपत्त्याची जुडी पदराच्या ओच्यात घेतली आणि त्यांच्या व्हरांड्याकडे एक नजर टाकली. तिथून त्यांचे यजमान फोनवर कुणाला तरी पार्किंगवरून झापत होते.

“आमच्या ह्यांना तो थंडा प्रकार चालायचा नाही. ज्यात कुणाशी भांडता येत नाही, तो ह्यांना खेळच वाटत नाही. ते राक्षस येतात तो कुठला म्हणालात? तो आहे का बघायला सांगा धाकट्याला.”