तुमच्याकडे असेलच

मिलिंदच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच विचारतो, "सामान यायचंय का अजून?" मिलिंदला याच्याइतकी दुसरी दाद नाही. तो डोळे किंचित मिटतो आणि म्हणतो, "नाही. गेलंय."

कुठे गेलंय, ते तो सांगत नाही. ते मी सांगतो. तिसऱ्या मजल्यावर गेलंय. आमच्याकडे.

मिलिंद आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. बायको मेधा, शाळेत जाणारा एक मुलगा आणि आई. आईंना सगळी सोसायटी माई म्हणते. सोसायटीतली पोरं त्याला 'मिनिमल मिलिंद' म्हणतात, आणि तो ते बिरुद म्हणून मिरवतो. त्याच्या हॉलमध्ये एक सोफा आहे. तो इतका बुटका, की साठीच्या पुढचा माणूस त्यावर बसला तर त्याला उठवायला दोघं लागतात. कोपऱ्यात मातीचं एक भांडं, आणि त्यात एक वाळकी काडी. माईंनी ती केर समजून दोनदा टाकून दिली. दुसऱ्यांदा मिलिंद कचऱ्याच्या गाडीमागे पळाला, तेव्हा आम्हाला कळलं की काडी साडेआठशे रुपयांची होती.

भिंती पांढऱ्या. पण एक पांढरा नव्हे, तीन वेगळे. मिलिंदनं मला उभं करून तिन्ही दाखवले, त्यांची इंग्रजी नावंही सांगितली. मला एकच दिसला. माईंना मात्र तिन्ही दिसतात: वरीचे तांदूळ, साबुदाणा आणि यांचं जुनं धोतर. भिंतीवर घड्याळ नाही, फोटो नाही, आणि (हे लिहिताना माझा हात थरथरतो) कॅलेंडर नाही. मराठी घर, आणि स्वयंपाकघरात कालनिर्णय नाही! संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला माईंचा आमच्याकडे फोन येतो. दुधाचा खाडा कधी झाला, याची नोंदही आमच्याच कॅलेंडरवर असते. त्यांचं दूध, आमचा चौकोन.

हे सुरू झालं २०१९ च्या जानेवारीत. त्या जपानी मारी कोंडोबाईंची मालिका तेव्हा टीव्हीवर आली होती. पद्धत सोपी. एकेक वस्तू हातात घ्यायची. मनात आनंदाची लहर उठली तर ठेवायची, नाही उठली तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मिलिंदनं एका रविवारी सगळं घर हॉलच्या मधोमध ओतलं आणि माईंना समोर बसवलं. माईंनी दांडा तुटलेला तवा हातात घेतला आणि म्हणाल्या, "होतोय आनंद." श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले. "होतोय." पिशव्यांची पिशवी घेतली, आतल्या पिशव्या एकेक करून उलगडल्या, आणि त्यांचा आनंद पोटात मावेना. दुपारी दोनपर्यंत एकाच वस्तूला निरोप मिळाला होता: मिलिंदनं दहावीत केलेल्या काव्यसंग्रहाला. तोही माईंनी नंतर परत उचलला.

मग मिलिंदनं मधला मार्ग काढला. "थोडे दिवस तुझ्याकडे ठेव रे," असं म्हणत तो एकेक पोतं खाली आणू लागला. पाटावरवंटा आला. खलबत्ता आला. पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, तांब्याचा बंब, गौरींचे उभे. आणि झाकणाचा एक पितळी डबा आला. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय, 'चि. मिलिंदच्या मुंजीनिमित्त, मामाकडून, १९८९'. आमच्या गॅलरीत पूर्वी तुळस होती. आता तिला ऊन लागावं म्हणून आम्ही तिला बंबावर बसवलीय.

बरं, वस्तू गेल्या तरी गरजा कुठे जातात? आठवड्यातून तीनदा तरी बेल वाजते. दारात मिलिंद, अंगात करड्या रंगाचा सदरा (त्याच्याकडे तसेच सात आहेत). "पक्कड आहे का? तुमच्याकडे असेलच." शिडी, सुईदोरा, मेणबत्ती, जादा खुर्च्या, पाहुण्यांसाठी गाद्या. या 'असेलच'मध्ये एक मजा आहे. म्हटलं तर विश्वास, म्हटलं तर कीव. एकदा मसाला कुटायला तो खलबत्ता मागायला आला आणि जाताना म्हणाला, "बघ, किती वस्तू साठवता तुम्ही लोक!" खलबत्ता त्याचाच होता. मी उचलून दिला, कारण तो जड होता आणि मला वाटलं, निदान आता तरी वर राहील. संध्याकाळी धुऊनपुसून परत.

मिलिंद वाचणारा माणूस आहे, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मीस व्हान डर रोह या वास्तुविशारदानं १९५१ मध्ये पुरं केलेलं एक घर आहे, फार्न्सवर्थ हाउस. पोलादाचे खांब, चहूबाजूंनी काच, आत जवळपास काही नाही. त्याचं चित्र मिलिंदच्या फोनच्या पडद्यावर असतं. एकदा त्यानं आम्हाला त्यावर पाऊण तास ऐकवलं. माझी बायको ग्रंथालयात नोकरीला आहे. तिनं दुसऱ्या दिवशी बातमी आणली, की ते घर बांधून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई एडिथ फार्न्सवर्थ यांचं आणि मीसचं खर्चावरून भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं. आणि बाईंची तक्रार होती की सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, रस्त्यावरून दिसतो. मिलिंद क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "डबा तुमच्याकडे..." आणि बायकोची नजर बघून पुढचं गिळलं.

पुढे २०२३ मध्ये खुद्द कोंडोबाईंनीच सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर आवराआवरीचा हट्ट आपण बराचसा सोडलाय. ते कात्रण मी मुद्दाम वर नेऊन दिलं. मिलिंदनं ते वाचलं, त्याचे आभार मानले आणि मला परत दिलं.

त्याच वर्षी तो सगळ्यांना घेऊन सेवाग्रामला गेला. बापू कुटीनं तो हलून गेला. माती, बांबू, चटई, बुटकं मेज. परत आल्यावर त्यानं इंटिरियरवाल्या बाईंना बोलावलं आणि सांगितलं, मला हीच भिंत पाहिजे. बाईंनी चौरस फुटाचा दर सांगितला. परदेशी चुन्याचा गिलावा. करणारे कारागीर मुंबईहून येणार, त्यांचं राहणं-खाणं वेगळं. त्या पैशांत वर्ध्याजवळ खरी कुटी झाली असती, असं मी म्हणणार होतो, पण माईंनी आधीच तोंड उघडलं होतं. "अरे, त्या कुटीच्या भिंतीवर मीराबेननं मातीची नक्षी काढलीय. ताडाची झाडं आहेत, चरखा आहे. ते नाही वाटतं दिसलं तुला?" मिलिंदनं फोनमधले फोटो काढून पाहिले. ताड होते. चरखाही होता. त्यानं फोटो कातरून सपाट भागाचेच पुढे पाठवले.

आता कपाटांची हकीकत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, बायकोकडून ऐकलंय, आणि तिला तिखटमीठ लावायची सवय आहे. मिलिंदच्या हॉलमधली एक अख्खी भिंत म्हणजे खरं तर कपाटं. मूठ नाही, कडी नाही. दाबलं की उघडतात. चैत्रात माईंनी हट्टानं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, वाडग्यात भिजवलेले हरभरे. वाडगे आमचे, म्हणजे त्यांचेच. त्या बुटक्या सोफ्यावर बसायला कुणी धजेना, म्हणून बायका सतरंजीवर बसल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी निवांतपणे भिंतीला पाठ टेकली.

भिंत 'टक्' वाजली. काकू दचकून पुढे सरल्या, दार सावकाश उघडलं, आणि मग घर बोललं. आधी पिशव्यांची पिशवी खाली आली. मागोमाग श्रीखंडाचे डबे, गणपतीच्या मखराचे खांब, रुखवतातला काचेच्या पेटीतला बंगला, वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या सतरा परड्या. ही माईंची चोरटी आयात. पण वरच्या फळीवरून जे आलं ते माईंचं नव्हतं: मोबाइलची अकरा रिकामी खोकी, गुंता झालेले चार्जर, कॉलेजातल्या कॅसेटी आणि दहावीचा काव्यसंग्रह. मेधा म्हणे खिडकीतून बाहेर बघत हसत होती. मिलिंद एकेक खोकं उचलत, कुणीही न विचारता सांगत होता, "वॉरंटी असते ना त्यावर."

त्या दिवसापासून तो जरा मऊ झालाय. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, दार उघडं असताना दिसणार नाही असं एक कॅलेंडर लागलंय.

माई मात्र रोज दुपारी साडेतीनला खाली येतात. चहाला, असं म्हणतात. चहा हातात घेऊन त्या सरळ गॅलरीत जातात आणि बंबाशेजारी पाटावर बसतात. पदरानं पितळी डब्याचं झाकण पुसतात, पुरणयंत्राची मूठ एकदा गरकन फिरवून बघतात. कधी पाट्याशी काहीतरी बोलतात. आम्ही आतून ऐकू येत नसल्यासारखं करतो.

काल माझा फोन वाजला. वरून मिलिंद.

"अरे, आई घरात दिसत नाहीये. तुमच्याकडे असेलच."

मी गॅलरीकडे पाहिलं. माईंनी सोऱ्या मांडीवर घेतला होता. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"नाही रे," मी म्हटलं. "इथे नाही आल्या."