छतावरची वाघीण

मिरजेहून पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ रेल्वेगाडी 12 एप्रिल 2016 ला तहानलेल्या लातुरात पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पाणी कृष्णेचं, वाघिणी धुऊन आणल्या राजस्थानातल्या कोट्याहून, आणि प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लातूरच्या एखाद्या जावयाचीही इतकी बडदास्त कुणी ठेवली नसेल. पुढे गाडी 50 वाघिणींची झाली आणि ऑगस्टपर्यंत तिने शंभरावर फेऱ्या मारल्या. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लागलं होतं. म्हणजे पाचाहून जास्त जणी घागरी घेऊन एकत्र आल्या, तर न भांडताही तो बेकायदा जमाव!

आता जरा हिशेब. घराचं छत 1000 चौरस फुटांचं आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला, तर त्या छतावर सुमारे 65 हजार लिटर पाणी पडतं. वाफ, गळती आणि पहिल्या पावसाची घाण वजा केली तरी 50 हजार उरतं. जलदूतच्या एका वाघिणीत मावत होतं तेवढंच. लातूरच्या प्रत्येक मध्यम घरावर दरवर्षी एक वाघीण उतरते, तीही भाड्याशिवाय, आणि पन्हळीतून थेट गटारात जाते. मिरजेच्या पाण्याचं कौतुक झालं, कारण ते लांबून आलं होतं. वरून येणाऱ्या पाण्याला असला मान नाही.

घरमालकाचं म्हणणं वेगळं असतं. त्याला बोअर हवा. त्यासाठी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरतो. नारळ उभा राहतो तो नेमका शेजाऱ्याच्या भिंतीपाशी. मग रात्रभर यंत्राचा धडधडाट, गल्लीभर पांढरी भुकटी आणि शेवटी, ‘अजून शंभर फूट जाऊ का, मालक?’ मालक ‘जा’ म्हणतात. खाली काळा कातळ. या बेसाल्टमध्ये पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. वरून मुरलंच नाही, तर खाली कोण आणून ठेवणार? पण मुरायला जागा हवी ना! अंगणात तर आदल्याच दिवाळीत पेव्हर ब्लॉक बसवलेले. चिखल होतो म्हणून.

आणि पाचोळा पडतो म्हणून कडुलिंबाच्या झाडावरही डोळा. ‘लई वैताग हाय बघा, रोज झाडायचं कुणी?’ असं म्हणणारा गृहस्थ चैत्रात दुचाकी मात्र त्याच लिंबाखाली लावतो. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. त्यामुळे शहरातल्या कंपाउंडांतले लिंब, वड, चिंचा हेच लातूरचं अरण्य, आणि अंगण असणारा प्रत्येक जण नकळत वनाधिकारी. नांदेडकडे निदान किनवट-माहूरचा साग आहे. लातूरला दाखवायला गल्लीतली चिंचच.

कायदाही झाडाच्या बाजूने आहे. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरवलं आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. आजपर्यंत ‘आमच्या आजोबांनी लावलेलं’ असं छाती फुगवून सांगणारे लोक तोडायची वेळ आली की तेच झाड ‘परवा-परवाचं, आपोआप उगवलेलं’ म्हणून सांगतात. एरवी लग्नाच्या स्थळाचं वय कमी सांगायची रीत होती. आता झाडापर्यंत आली.

नांदेडकर हे वाचून गालात हसतील. दाराशी गोदावरी, उशाशी विष्णुपुरीचा जलाशय. ‘कामून काळजी करता बाप्पा?’ म्हणत तिथे सकाळी पाइप लावून गाडी धुतली जाते, गाडीबरोबर रस्ताही. मे उजाडला की विष्णुपुरी तळ दाखवते आणि सगळ्यांचे डोळे इसापूरच्या धरणाकडे लागतात. ज्या घरात पाइप, त्याच घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र. ते एक लिटर गोड करताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. ते बादलीत धरलं तर फरशी पुसून होते. घरातल्या वहिनींना हे कधीचं ठाऊक आहे. बादली पायात येते म्हणून ती हलवतात ते घरातले काका.

जलदूत आली त्याच 2016 च्या पावसाळ्याच्या शेवटी लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं आणि लातूरने सुटकेचा निःश्वास टाकला. विसरायलाही तेवढाच वेळ लागला.

तेव्हा घरमालकहो, दोन-चार पेव्हर ब्लॉक उचला, लिंबाला बुंध्याशी हातभर माती मोकळी द्या, आणि छताचं पाणी गाळणीच्या खड्ड्यातून बोअरमध्ये सोडायला प्लंबरला एप्रिलमध्येच फोन करा. जूनमध्ये तो उचलत नाही.