लोणारपर्यंतची साक्ष

मेहकरच्या बसस्थानकावर साक्षवाल्या मामांना शोधावं लागत नाही, तेच तुम्हाला हेरतात. तुम्ही कमरेवर हात ठेवून जरा वाकलात, पाण्याच्या बाटलीला दोनदा तोंड लावलंत, तेवढं त्यांना पुरतं. शेजारी येऊन बसतात, मेडिकलवाल्याची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेतात आणि विचारतात, "काय दुखते जी भाऊ तुमचं?" काही दुखत नाही म्हणायची सोय नसते. "नाही कसं? तोंड उतरलं हाय ना." यावर आपलं तोंड खरोखरच उतरतं. मग 'जय ख्रिस्त' होतं आणि प्रार्थनेनं बरं झाल्याची साक्ष सुरू होते.

रविवारी मंडळीतही साक्षी होतात, पण तिथं पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं की माणूस खाली बसतो. एसटीत पाळकसाहेब नसतात. म्हणून मामांनी आपली साक्ष मार्गांप्रमाणे बेतून घेतली आहे. लोणारची गाडी असली तर लहान आवृत्ती: मुतखडा सुलतानपूरला अडतो आणि लोणार यायच्या आत पडतो. चिखलीच्या गाडीत हिवरा आश्रमापर्यंत नुसती कावीळच चालते, खड्याला पुढं सवडीनं तोंड फुटतं. आणि गाडी डोणगावच्या अलीकडे पंक्चर झालीच, तर बहिणीच्या पोटातली गाठही बाहेर निघते.

पिशवीत सोनोग्राफीचे दोन कागद असतात. एकात खडा आहे, दुसऱ्यात नाही. पहिला कागद घड्यांवर इतका विरलाय की मामा तो पापड उचलावा तसा उचलतात. खड्याच्या मापावर मात्र त्यांचा अंगठा असतो. तोंडानं ते माप चौदा एमएम सांगतात. एकदा गाडी गतिरोधकावरून उडाली, अंगठा सरकला आणि खाली नऊ दिसले. खडा शरीरातून गेल्यावर वाढत राहिल्याचं वैद्यकशास्त्रात दुसरं उदाहरण नसावं. पण खरं सांगायचं तर नऊ एमएमच्या कळा सोसलेल्या माणसाला पाच एमएमची सूट द्यायला माझी हरकत नाही.

ही आवड मामांची एकट्याची नाही, घराण्याची आहे. ते अलायन्स मंडळीतले. अकोला-खामगावकडे ज्या अलायन्स मिशननं मंडळ्या उभ्या केल्या, त्याचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन १८८१ मध्ये स्वतःच्या अधू हृदयातून प्रार्थनेनं बरा झाल्याचं सांगत असे. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, येणारा राजा, तसा बरं करणाराही, ही त्याची शिकवण. मिशनच्या चिन्हात त्यासाठी तेलाचं भांडंच काढलेलं आहे. मामा त्या भांड्यावर बोट ठेवून म्हणतात, "हे आपलं डिपार्टमेंट."

डॉक्टरांशी त्यांचं वैर नाही. रक्तदाबाची गोळी ते घड्याळ लावून घेतात आणि दुसऱ्यालाही औषध बंद कर म्हणत नाहीत. बायबलातली बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट त्यांची आवडती. वैद्यांच्या पायी पैसा गेला आणि दुखणं उलट वाढलं, असं मार्क सरळ लिहून मोकळा होतो. लूकनं मात्र दुखणं वाढल्याचं गाळलं. "लूक सोता वैद्य व्हता ना," मामा डोळा बारीक करतात, "धंदेवाल्याले सांभाळून घेतलं त्यानं."

एकदा एका गुरुजींनी त्यांना जादूटोणाविरोधी कायदा ऐकवला, २०१३ चा, कलमांसकट. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी काही इकतो का गुरुजी? मी फक्त सांगतो." नंतर गुरुजींच्या मानेचा पट्टा कशाचा, हे विचारलं. सुलतानपूर येईपर्यंत गुरुजी मणक्यांवरच बोलत होते.

तसंही या जिल्ह्यात मामांना फुकटचा श्रोता मिळत नाही. उत्तरेला शेगावचे गजानन महाराज, चिखलीकडे सैलानी बाबांचा दर्गा, वाटेवर रोग्यांना औषध देणाऱ्या शुकदास महाराजांचा हिवरा आश्रम, आणि गावात खुद्द शारंगधर बालाजी. कोणी वाद घालत नाही, पण जो तो आपलं दुखणं काढतो. पुढच्या बाकावरची आजी शेगावचा अंगारा सांगते, मागचा सैलानीची होळी सांगतो, आणि कंडक्टर तिकीट फाडता फाडता स्वतःच्या सायटिकाला वाचा फोडतो. मामा प्रत्येकाचं मन लावून ऐकतात. किती दिवस, कुठल्या कुशीवर, जेवणाआधी का नंतर, सगळं विचारतात. घरच्यांनी तरी एवढं कुठं विचारलेलं असतं!

फक्त त्या ऐकण्याचं पुढं काय होतं, ते मला नंतर कळलं. माझ्या पित्ताशयातला खडा मी त्यांना एका प्रवासात सांगितला होता. नंतर रीतसर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेतली, बिल भरलं, विषय संपला. पुढं लोणारच्या गाडीत मी चढलो तर दोन बाकं पुढं मामांचा आवाज: "आपल्या मेहकरातलेच एक शिकलेले गृहस्थ. पित्ताचा खडा. रातभर गडबडा लोळे. म्या प्रार्थना केली, अन् तिसऱ्या दिशी खडा पानी!"

सुलतानपूरला ते मागं वळले, तेव्हा मी म्हणालो, "मामा, माझं ऑपरेशन झालं हो."

"मालूम हाय ना मले," मामा जराही न बिचकता म्हणाले. "त्याच्यासाठीबी प्रार्थना केलती. पण ऑपरेशन घातलं त गोष्ट चिखलीपर्यंत जाते भाऊ. हे गाडी लोणारची हाय."