दाजी ड्रायव्हर शोधतात

"हे सध्या ड्रायव्हरच्या मागे आहेत," असं ताईनं चंडीगडहून फोनवर सांगितलं आणि आमच्या आईनं देवापुढे साखर ठेवली. जावयानं एकदाची गाडी घेतली, असं तिला वाटलं. मी तिकडे जाऊन आलो, तिला खरा प्रकार सांगितला. तोवर साखर मुंग्यांनी नेली होती.

दाजी केंद्र सरकारच्या नोकरीनं तिकडे गेले, निवृत्त झाले आणि तिथलेच झाले. पंजाबी झकास बोलतात, पराठ्यावर लोणी पंजाब्याइतकंच घेतात. व्यसन एकच. अख्ख्या सेक्टरात कुणी वापरत नाही अशी ऑपरेटिंग सिस्टिम हुडकायची, जुन्या लॅपटॉपवर चढवायची आणि मग त्याचं नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मिळावा म्हणून महिनाभर झटायचं. अशी माणसं गावोगाव असतात. पूर्वी ती रेडिओ उघडून बसायची.

दुखणं ऑफिसातलं. 1990 च्या दशकात तिथे एससीओ युनिक्स होतं. चंडीगडात दुकानादुकानावर 'एससीओ' आणि पुढे नंबर असतोच. तो शॉप-कम-ऑफिस, म्हणजे खाली दुकान, वर कचेरी. युनिक्सवालं एससीओ म्हणजे सांताक्रूझ ऑपरेशन. हे सांताक्रूझ पश्चिम रेल्वेवरचं नव्हे, कॅलिफोर्नियातलं. तरी सेक्टर 17 मधून जाताना दाजी प्रत्येक पाटीकडे गाववाला भेटल्यासारखे बघतात.

तेव्हा लॅनकार्डावरचा जंपर चिमटीनं हलवून त्याला आयआरक्यू, म्हणजे पीसीला हाक मारायचा नंबर, द्यावा लागे. "चंडीगड आखताना 13 नंबरचा सेक्टर गाळला," दाजी सांगतात, "आणि पीसीत आयआरक्यू 13 कुठल्याच कार्डाला मिळत नाही. तो गणिताच्या चिपसाठी राखीव!" 2020 मध्ये चंडीगडातल्याच मनीमाजऱ्याला सेक्टर 13 म्हणायचं ठरलं, तेव्हा ते आठवडाभर नीट जेवले नाहीत म्हणे.

यंदा हायकू. बीओएस नावाची सिस्टिम काढणारी कंपनी 2001 मध्ये आटोपली; तेव्हापासून हौशी मंडळी बीओएसचा हा नवा अवतार घडवतायत. 2024 च्या सप्टेंबरात पाचवी बीटा आली. दाजींना ही गती पसंत आहे.

लॅपटॉप चटकन सुरू झाला. खिडक्या कशा पटापट उघडत होत्या! फक्त वायफाय नव्हतं. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट यायचं ड्रायव्हर आल्यावर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

"दाजी, फोन वायरनं जोडा, येईल की नेट," मी म्हणालो. ताईनं मला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता.

"अरे, सलाइन लावण्याला जेवण म्हणतात का?"

मग शिकवणी. प्रत्येक कार्डाला दोन नंबर: एक कंपनीचा, एक स्वतःचा. म्हणजे गोत्र आणि नाव. इंटेलनं तर आपल्या 1978 च्या चिपचा 8086 हाच आकडा गोत्र म्हणून लावलाय. ड्रायव्हर मांडीवर यादी घेऊन बसलेला असतो. यादीत नसलेल्या कार्डाला तो दारात उभं करत नाही, मग आतली चिप यादीतल्या कार्डाची सख्खी जुळी का असेना. दाजी यादीत एक ओळ वाढवतात, पुन्हा कंपाइल करतात आणि पत्रिका जुळते का बघतात. हायकूचे बरेचसे नेटवर्क ड्रायव्हर शेजारच्या फ्रीबीएसडी नावाच्या सिस्टिमकडून उसने आणलेले. मध्ये दुभाष्याचं काम करणारा एक थर बसवलाय, म्हणून त्यांना इकडची भाषा कळते.

सकाळी चहाबरोबर लोक पेपर वाचतात, दाजी सिसलॉग, म्हणजे लॅपटॉपची रोजनिशी वाचतात. मन फारच खट्टू झालं, तर रियलटेक 8139 चा फ्रीबीएसडीमधला ड्रायव्हर उघडतात. तो लिहिणाऱ्या बिल पॉलनं सोर्सकोडातच त्या स्वस्त कार्डाची खिल्ली उडवून ठेवलीय. एवढ्या वेळा वाचूनही दाजी त्याच जागी हसतात.

संध्याकाळी आम्ही रॉक गार्डनला गेलो. नेकचंद हे रस्त्यांचे सरकारी निरीक्षक. फुटक्या बांगड्या, कपबश्या, मोडकं सामान गोळा करून त्यांनी वर्षानुवर्षं चोरून ही बाग रचली. 1976 मध्ये ती लोकांना खुली झाली. जुन्या इलेक्ट्रिक फिटिंग्जपुढे दाजी थबकले.

"बघ, या माणसानं काही म्हणजे काही टाकून दिलं नाही," हे ते मला म्हणाले, पण ताईला ऐकू जाईल एवढ्यानं.

"अहो, पण त्यांनी ते रानात ठेवलं होतं," ताई म्हणाली. "माझ्या दिवाणात नाही."

दिवाणात लॅनकार्डांची तीन खोकी आहेत. हिवाळ्याच्या रजया कपाटावर.

चौथ्या रात्री अडीचला दाजींनी मला हलवून उठवलं. कार्डानं आयपी घेतला होता! ब्राउझर उघडला, आमच्या कोल्हापूरचं हवामान पाहिलं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? झालं."

झाकण मिटलं. सकाळी मी चहाला गेलो, तर डिस्क पुसून ओपनबीएसडी चढत होती आणि ताई दाजींकडे पाठ करून पराठे लाटत होती.

तुमच्या माळ्यावर जुनं लॅनकार्ड असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. चंडीगडला जाणारं कुणी भेटलं की त्याच्याबरोबर पाठवा. मात्र कुठेही लावलं की मुकाट चालणारं असेल, तर राहू द्या. दाजी ते घेणार नाहीत.