उघडले, म्हणजे वाचलेच

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, १८४० साली ते बंद पडले. चूक एकच झाली असावी: मजकुरावर फार वेळ घालवला.

आजचा स्वतंत्र न्यूजलेटर-लेखक इतका भाबडा नाही. आठवड्याचे सहा दिवस तो वर्गणीदार वाढवतो आणि सातव्या दिवशी ‘वर्गणीदार कसे वाढवले’ यावर लिहितो. त्याचे वर्गणीदारही हाच उद्योग करत असल्याने विषयाला तोटा नाही.

जीमेलने २०१३ साली जाहिरातींना वेगळा कप्पा दिला. आपले चिंतन तिथे साड्यांच्या सेलशेजारी मुक्कामाला असते. (शेजार वाईट नाही.) ॲपलने तर २०२१ मध्ये उपकारच केले. गोपनीयतेची सोय चालू असली की त्यांचे मेल-ॲप पत्र उघडल्याची नोंद करणारे त्यातले अदृश्य चित्र आपणहून उतरवून घेते. माणसाने हात लावला नाही तरी पत्र ‘उघडले’ अशी नोंद होते. वाचायला यंत्र आले, लिहायला आधीच आहे. मधल्या दोन माणसांना सन्मानाने निवृत्त करावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

यादी मात्र स्वच्छ हवी. तीन महिने पत्र न उघडणाऱ्यांची नावे आम्ही नियमाने कापतो. काल कापलेल्या एका गृहस्थांचे पत्र आले. ते चित्रे बंद ठेवून वाचतात, त्यामुळे नोंद होत नाही. पहिल्या अंकापासून सगळे वाचले आहे म्हणतात. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दाखवल्या आहेत.

नियमाला अपवाद करता येत नाही, असे त्यांना कळवले आहे.