टाकाऊतून महागाऊ

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शाळेची सूचना येऊन आदळते : नाताळची सजावट, घरी केलेली, 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट', खर्च शून्य. यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर माझा विश्वास बसला. दिवाळीचे हप्ते अजून फिटायचे होते, त्यामुळे असेल.

शून्य खर्चाचा व्हिडिओ कन्येनेच शोधून दिला. त्यातली बाई गोड हसून म्हणाली, "हे सगळं तुमच्या घरात असतंच." यादीतली पहिलीच वस्तू : टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या. आता आमच्या घराण्यात आधी टमरेल नांदलं, मग जेटस्प्रे आला. पुठ्ठ्याची नळी रिकामी होण्याचा योग कुणाच्याच पत्रिकेत नव्हता. शेवटी चार रोल विकत आणले, एकशे साठ रुपये, आणि ऑफिसातून आल्यावर दिवाणावर बसून ते उलगडले. बापलेकीने तासभर उलगडले. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कमरेएवढ्या ढिगाकडे बघत म्हणाली, "हे काय?"

"बर्फ," मी म्हणालो.

दुसरी वस्तू आइस्क्रीमच्या वापरलेल्या काड्या. पन्नास काड्या जमवायला पन्नास आइस्क्रिमं खावी लागतात, आणि कन्येला सर्दी. पण स्टेशनरीच्या दुकानात 'वापरलेल्या' काड्या कोऱ्या मिळतात, सत्तर रुपयांना. पाइनकोन, म्हणजे हिमालयात झाडाखाली फुकट पडलेली ती बोंडं, एकशे ऐंशी. त्यांना फासायला सोनेरी स्प्रे, तीनशे वीस. ग्लू गन अडीचशे, तिच्या कांड्या साठ. थर्माकोलचे गोळे आहेत का विचारलं, तर दुकानदार दुखावल्यासारखा म्हणाला, "काय साहेब, बंदी आहे ना." आहेच, राज्याने 2018 साली घातली. मग त्याने खाली वाकून एक पुडकं काढलं आणि बंदी असलेल्याच पिशवीत घालून देऊ लागला. कायदा एकाच वेळी दोनदा मोडायची माझी तयारी नव्हती. पुडकं नको म्हटलं, पिशवी घेतली.

खर्च शून्य म्हणता म्हणता एक हजार चाळीस झाला. त्याच दुकानाच्या दारात कागदाची तयार चांदणी नव्वद रुपयांना लटकत होती. कन्या तिच्याकडे बघत होती. मी तिला ओढत बाहेर आणलं. स्वावलंबनाचे संस्कार लहानपणीच व्हायला हवेत.

लायटिंगचा प्रश्न मात्र आला नाही. दिवाळीची माळ गॅलरीत अजून तशीच आहे. ती उतरवण्याचा कंटाळा, यालाच आमच्याकडे सर्वधर्मसमभाव म्हणतात.

ग्लू गनने पहिल्या दहा मिनिटांत माझा अंगठा टेबलाला चिकटवला. कन्येने बर्नॉल आणायला तळमजल्यावरच्या आजींकडे धाव घेतली. आजी मूळच्या वसईच्या, घरात नाताळची तयारी चाललेली. त्या स्वतःच ट्यूब घेऊन वर आल्या, सगळा पसारा बघितला आणि म्हणाल्या, "खळ नाही का रे घरात?"

मलम लावून मला खाली घेऊन गेल्या. बांबूच्या कामट्यांची चांदणी, वर पतंगाचा कागद, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. कोपऱ्यात गोठा मांडलेला. डोंगर म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट, खाली जुन्या वह्यांचा आधार. गोठ्यापुढे हिरवंगार गवत डोलत होतं. वाकून बघितलं तर ताटलीत पेरलेली नाचणी.

"तुमच्या घटासारखंच," आजी म्हणाल्या. "पेरून आठवडा झाला."

मरियामाता होती, योसेफ होता, एका मेंढपाळाचा पाय गेल्या वर्षी तुटला म्हणून तो गवतात गुडघाभर रोवलेला. गव्हाण रिकामी. बाळ येशू 24 च्या रात्री ठेवायचा, तोवर कपाटात, रुमालात गुंडाळून. बैल होता, गाढव दिसेना. "हरवलं," आजी म्हणाल्या आणि माझ्या अंगठ्याकडे बघून गप्प बसल्या.

1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने गोठ्याचा देखावा मांडला, तेव्हा सामान होतं गवत, बैल आणि गाढव. आणि मूळ प्रसंगात तर धर्मशाळेत जागाच नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं. एवढ्या कडकीतून निघालेला सण आमच्या शाळेने शून्य खर्चात करायला सांगितला आणि मी हजाराच्या वर नेऊन ठेवला, हे कर्तृत्व लहान नाही.

शेवटी आजींकडून वाटीभर खळ आणली. नळ्यांचा सांताक्लॉज झाला, वातींच्या कापसाची दाढी लावली. तो चेहऱ्याने थोडा आमच्या काकांसारखा दिसतो, पण शाळेने तो घेतला. बाईंनी शेरा दिला : 'छान! पालकांनी मदत केलेली दिसते.'

तर वाचकहो, एक ग्लू गन विकणे आहे. वापर एकदाच, तोही अंगठ्यावर. शिवाय चार रोल टिश्यूपेपर मोफत मिळेल, फक्त तो गुंडाळलेला नाही. येताना पिशवी आणावी, आमच्याकडची बंदीतली आहे.